योरुबा मृत्तिकाशिल्प, आधुनिक

नायजेरियाचा नैर्ऋत्य भाग व लगतचा बेनिन प्रजासत्ताकाचा प्रदेश येथील योरुबा लोकांच्या मृत्तिकाकलेतून प्रेरणा घेणारा आधुनिक शिल्पप्रवाह. त्याची पूर्वपीठिका म्हणून इफे येथील बाराव्या ते पंधराव्या शतकांतील पक्वमृदेच्या मानवी शीर्षांकडे सामान्यतः बोट दाखविले जाते. १९१० मध्ये ती पाहणाऱ्या लेओ फ्रोबेनिउस या जर्मन संशोधकाने त्यांचे श्रेय योरुबांना न देता लुप्त अटलांटिस संस्कृतीला दिले. हा तर्क पुढे सर्वस्वी त्याज्य ठरला. तथापि आधुनिक शिल्पाचा निकटचा पूर्वज इफेचे शीर्ष नसून स्त्रियांनी घडविलेले पूजापात्र होय, ही बाब पुष्कळदा नजरेआड होते.

योरुबा पुराणकथांत ओबाताला मातीचा मानवी देह घडवितो, तर आजाला हा स्वर्गीय कुंभार ‘ओरी’ म्हणजे शीर्षे घडवितो. त्यांतील काही कच्चीच राहतात; जन्मापूर्वी प्रत्येकजण त्यांतून आपले शीर्ष, म्हणजेच दैव, निवडतो. कथेतला कुंभार पुरुष असला, तरी व्यवहारात मडकी घडविणे हे मुख्यतः स्त्रियांचे काम. त्या चाक वापरीत नाहीत. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून पात्र उभारतात व उघड्यावर लाकूड आणि गवताच्या आचेत भाजतात.

ओके-ओदान येथील आबातान ही या परंपरेतील श्रेष्ठ कुंभारीण. एयिन्ले या नदीशी व रोगनिवारणाशी निगडित दैवतासाठी तिने पात्रे घडविली. त्यांच्या झाकणावर मानवी आकृती असते, तर आत नदीतील गोटे व पाणी ठेवतात. येथे पात्र कोठे संपते व मूर्ती कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. अमेरिकन कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस टॉम्प्सन याने १९६९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. संग्रहालयांतील अनेक योरुबा पात्रांच्या कर्त्यांच्या वाट्याला मात्र जमातीच्या नावापलीकडे काहीच आले नाही; ‘कारागिरी’ म्हणून केलेल्या वर्गीकरणाची ही किंमत होय.

अलीकडच्या शिल्पकारांनी ती सीमारेषाच मोडली. लॉसन ओयेकान (१९६१– ) याची हाताने रचलेली उंच शिल्पे छिद्रांनी व भेगांनी युक्त असून त्यांतून प्रकाश आरपार जातो. लागोस येथे जन्मलेली रांटी बाम (१९८२– ) ओल्या मातीच्या पोकळ नळकांड्यास मिठी मारते. देहाच्या दाबाने पडलेल्या घड्या व भाजताना गेलेले तडे ती तसेच राखते. ‘इफा’ हे या मालिकेचे नाव योरुबा दैवप्रश्नविद्येचेही आहे. २०२३ च्या लिव्हरपूल द्वैवार्षिक प्रदर्शनात ही शिल्पे सेंट निकोलस चर्चच्या उद्यानात मांडली होती. त्या नगरातील पहिला नोंदलेला कृष्णवर्णीय रहिवासी, एबेल नावाचा गुलाम, तेथेच पुरला गेला होता.