एकट्याने मांडलेला डाव

बैठ्या खेळांच्या इतिहासात राजे, सरदार, सैनिक आणि जुगारी यांची गर्दी आढळते. समोर दुसरे कोणीही नसताना एकट्याने डाव मांडणारा मनुष्य त्या गर्दीत सहसा दिसत नाही. त्याची दखल घ्यावी असे आम्हांस वाटले, त्यास कारण घरचेच घडले. दोन वर्षांपूर्वी सुट्टी संपवून परदेशी परतताना आमचा नातू एका खेळाची पेटी दिवाणखान्यात ठेवून गेला. पेटीवरील नाव ‘रेड ड्रॅगन इन’. इन म्हणजे प्रवाशांचे मद्यगृह. गुजरात राज्यात १९६० पासून, म्हणजे राज्याच्या जन्मापासून, दारूबंदी आहे. त्याच राज्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या वडोदऱ्यातील घरात मद्यगृह उघडावे, यातील विनोद नातवाच्या ध्यानात आला होता की नाही, हे आम्ही विचारले नाही.

हा खेळ २००७ साली अमेरिकेत ‘स्लगफेस्ट गेम्स’ या संस्थेने प्रसिद्ध केला. अद्भुतकथांतील चार वीर भुयारांतील राक्षसांचा निःपात करून, सोन्याची नाणी घेऊन परतले आहेत आणि आता एका मेजाभोवती बसून ते धन मद्यात व जुगारात उडवीत आहेत, अशी त्यामागील कल्पना. एक पुजारीण, एक लढवय्यी स्त्री, एक चोर आणि एक मांत्रिक. प्रत्येकापुढे एक लहानसा पट असतो. त्यावर अंगातील बळ वीसपासून खाली उतरते आणि नशा शून्यापासून वर चढते. दोन्ही खुणा जेथे भेटतात, तेथे तो वीर आडवा होतो. नाणी संपली तरी त्यास बाहेर पडावे लागते. अखेरपर्यंत टिकेल तो जिंकला. प्रत्येक पाळीत मद्याचा एक पत्ता पालथाच उचलून दुसऱ्या कोणापुढे तरी ठेवावा लागतो. आपल्यापुढे काय वाढले आहे, हे पत्ता उलटेपर्यंत कळत नाही. कधी तेथे निव्वळ पाणीही निघते. मूळ पेटीतील खेळ दोन ते चार जणांचा आहे. एकट्याची सोय त्यात नाही.

मद्यगृह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो. युरोपातील जुने इन तसे नव्हते. मुक्काम, जेवण, घोड्यांची बांधणी, मद्य आणि मुलखाची वार्ता, सारे तेथे मिळे. आपली धर्मशाळा आणि चावडी जणू एका छपराखाली आणली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपले कँटरबरीचे यात्रेकरू एकत्र आणले, ते लंडनलगतच्या ‘टॅबर्ड’ नावाच्या इनमध्येच. अशा स्थळांची धास्ती राज्यकर्त्यांनाही होती. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४१ साली झालेल्या कायद्याने कारागीर, मजूर व नोकरचाकर यांना नाताळाखेरीज फासे आणि पत्ते खेळण्यास मनाई केली. लोक धनुर्विद्येची हेळसांड करतात, ही त्यामागील तक्रार होती. पुढे १९५४ मध्ये टॉल्किनने आपल्या महाकथेतील प्रवाशांना ‘प्रान्सिंग पोनी’ या इनमध्ये उतरविले. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला आणि साहसाचा आरंभ मद्यगृहात करण्याचा प्रघात खेळाडूंत रूढ झाला. चार अनोळखी माणसे काही कारण न सांगता एका मेजाशी बसू शकतील, अशी दुसरी जागा सुचणे कठीणच.

एकट्याच्या खेळाचा प्रवाह याहून निराळा. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ मध्ये पूर्ण करविलेल्या खेळांच्या ग्रंथात बैठे खेळ कोणासाठी, याचा विचार केला आहे. वृद्ध, अशक्त, बंदिवान, समुद्रावरील प्रवासी आणि त्रास टाळण्यासाठी एकांतात मन रमवू इच्छिणारे, अशांची गणना तो तेथे करतो. त्या ग्रंथात बुद्धिबळाची १०३ कूटेही आहेत. ती सोडविण्यास प्रतिस्पर्धी लागत नाही. १६९७ मधील फ्रान्समधील एका चित्रात सुबीझची राजकुमारी भोकांच्या पटावरील खुंट्यांचा एकट्याचा खेळ खेळताना दिसते. तत्त्वज्ञ लायब्निट्झ यास तोच खेळ उलटा खेळणे आवडे: खुंट्या उचलून पट रिकामा करण्याऐवजी तो रिकामा पट भरीत जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन पुस्तकांतून ‘पेशन्स’ या पत्त्यांच्या एकट्या डावाची वर्णने येऊ लागली. अद्भुतकथेच्या खेळांनीही एकाकी खेळाडूकडे लवकरच लक्ष दिले. १९७५ मध्ये गायगॅक्सने फाशांच्या साह्याने एकट्याने भुयार रचण्याची रीत छापली. १९७६ मध्ये एकट्याने खेळावयाचे ‘बफेलो कॅसल’ हे साहस आले. १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांचे ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ हे चारशे परिच्छेदांचे पुस्तक निघाले, ज्यात वाचक फासे टाकून आपली वाट निवडतो.

या सर्व खेळांत एक साम्य आहे. खुंट्यांचा पट, पेशन्स, भुयार, कोठेही दुसऱ्या माणसाची उणीव भासत नाही. मद्यगृहाच्या खेळात तीच प्रथम भासते. पत्ता दुसऱ्यापुढे ठेवावयाचा, तर दुसरा हवा. शिवाय हातातील पत्ते गुप्त असतात. चौघांचेही पत्ते एकाच्याच हाती आले की हुलकावणीस अर्थ उरत नाही. एकाच टिपणीत अनुकूल व प्रतिकूल दोन्ही बाजू मांडण्याची सवय सरकारी नोकरीने आम्हांस लावली आहे, तरी स्वतःस फसविण्याचे कसब ती शिकवीत नाही. अशा अडचणीवर अलीकडे एक तोड निघाली आहे. २०१४ मध्ये ‘व्हिटिकल्चर’ या द्राक्षमळ्याच्या खेळाच्या पुरवणीत मॉर्टेन मोनराड पेडरसन यांनी ‘ऑटोमा’ नावाचा पत्त्यांचा गठ्ठा योजिला. अनुपस्थित खेळाडूची चाल त्या गठ्ठ्यातील वरचा पत्ता ठरवितो. आम्हीही तेच करतो. तिघांचे पत्ते न पाहता पालथे ठेवतो आणि ज्याची पाळी येईल त्याचा वरचा पत्ता उलटतो. कित्येकदा ती चाल मूर्खपणाची निघते. परंतु ती आमची नसते, हे विशेष.

आमच्या घरी दिवाळीच्या रात्री सोंगट्यांचा पट मांडला जाई. समोरासमोर दोन जोड्या बसत आणि दान पडताच होणारा गलका शेजारच्या वाड्यात ऐकू जाई. पत्नीच्या निधनानंतर तो पट गुंडाळून ठेवला आहे. जुन्या वसाहतींतील आपल्या अनेक कुटुंबांत असा एखादा पट कपाटात असेल आणि मुले पुण्यास, बंगळूरास किंवा त्याहून दूर असतील. प्रारंभी एकट्याने खेळण्यास बसताना संकोच वाटला. घर रिकामे झाल्याची ती कबुलीच आहे, असे मनात आले. आज तसे वाटत नाही. पेशन्स मांडणाऱ्यास इतरांचा विसर पडला तरी चालते. येथे मात्र प्रत्येक पाळीत कोणासमोर तरी काही वाढल्याशिवाय डाव पुढे सरकत नाही आणि वाढण्यासाठी आधी त्याची जागा मांडावी लागते. तेवढ्यापुरती तरी त्याची आठवण होते.

संध्याकाळी ताकाचा पेला शेजारी घेऊन आम्ही चार जागा मांडतो. मांत्रिकाची जागा खिडकीकडील, कारण नातू तेथे बसत असे. दर रविवारी त्याचा दूरध्वनी येतो आणि पहिला प्रश्न तोच असतो : “आजोबा, माझा मांत्रिक अजून शुद्धीवर आहे ना?” आम्ही खरे तेच सांगतो. गेल्या रविवारी मांत्रिकापाशी दोनच नाणी उरली होती. डाव मोडला नाही, तसाच ठेवला आहे. उरलेला तो आल्यावर खेळावा, असे ठरले आहे.