सूर्यनमस्काराचं कूळ

कोंढा असो की पवनी, योग म्हटलं की आधी सूर्यनमस्कारच आठवतो. रथसप्तमीला शाळेच्या पटांगणात पोरं रांगेनं तेच घालतात. योगातलं सगळ्यात जुनं काही असेल तर ते हेच, असं आपण धरून चालतो. योगाच्या जुन्या पोथ्यांत मात्र त्याला जागाच नाही.

पतंजलीनं योगसूत्रांत आसनाला जेमतेम तीन सूत्रं दिली आहेत, आणि तीही स्थिर, सुखानं बसण्याविषयी. यम-नियमांपासून समाधीपर्यंतच्या आठ अंगांत त्याचा सगळा भर मनावर. ज्ञानोबांनी 1290 साली ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसन, मूळबंध आणि कुंडलिनी यांचं तपशीलवार वर्णन केलं. ते नाथपंथाचं देणं. नमस्कार तिथंही नाहीत. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, पण त्यांत नमस्कार शोधून सापडणार नाही. गंमत पुढेच आहे. याच ग्रंथावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘ज्योत्स्ना’ टीकेत सूर्यनमस्कारांचा उल्लेख येतो तो साधकानं काय टाळावं या यादीत, जड ओझी उचलण्याच्या शेजारी! फार नमस्कार घालणं म्हणजे शरीराला कष्ट, असा टीकाकाराचा रोख.

मग हे नमस्कार होते कुठे? एक घर देवघराचं: मित्र, रवी, सूर्य अशी बारा नावं घेत साष्टांग दंडवत. दुसरं आखाड्याचं: तिथं जोर काढताना हात-पाय टेकून छाती जमिनीलगत नेतात आणि वर उचलतात. आजच्या नमस्कारात मला तरी पूजेइतकाच हा जोर दिसतो.

त्याला घराघरांत नेलं ते औंधच्या राजानं. भवानराव पंतप्रतिनिधी आधी युरोपातल्या सँडो पहिलवानाच्या पद्धतीनं दहाएक वर्षं व्यायाम करत होते. 1908 च्या सुमारास मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांना नमस्कारांकडे वळवलं, आणि मग राजेसाहेबांना दुसरं काही सुचेना. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू झाले. मुली-बायकांनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह. त्या काळात हे धाडसच म्हणायचं. 1928 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पुढे लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी तीच पद्धत 1938 मध्ये इंग्लंडच्या वाचकांपुढे मांडली. भवानरावांनी याला व्यायाम म्हटलं, तेही उघडपणे.

योगशाळेचं दार उघडलं ते मैसूरच्या बाजूनं. 1930 च्या दशकात कृष्णमाचार्य तिथल्या राजवाड्यात शिकवत होते. श्वासाच्या तालावर एका आसनातून दुसऱ्यात जाणं, म्हणजे ‘विन्यास’, ही त्यांच्या शिष्यपरंपरेची खूण. पट्टाभी जोइस यांच्या ‘अष्टांग विन्यास’ वर्गाची सुरुवातच सूर्यनमस्कारांनी होते. नाव पतंजलीचं, पण घाम आखाड्याचा. दुसरे शिष्य बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले. त्यांच्या शैलीत वेगाला दुय्यम स्थान. पट्टे, विटा, दोर यांच्या आधारानं एकेक आसन नीट बसवायचं.

आपल्या विदर्भात व्यायाम आणि योग दोन्ही रुजले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. नागपुरात जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ 1951 पासून सर्वसामान्यांना आसनं शिकवत आलं आहे.

नमस्कार योगात उशिरा आले म्हणून ते खोटे ठरत नाहीत. फक्त ‘हजारो वर्षांपूर्वीचा योग’ म्हणून ते विकू नयेत. आणि आपल्याकडच्या धानपट्ट्यासाठी एक सांगणं. रोवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून काम केलेल्यानं संध्याकाळी आणखी बारा नमस्कारांचा हट्ट धरू नये. पाठ टेकून शवासन करावं. हठप्रदीपिकेनं ते थकवा घालवण्यासाठीच सांगितलं आहे.