आधी पाया, मग उडी

गेल्या वर्षी दिवाळीत मैंदर्गीहून पुण्याला परतताना गाडीत शेंगाचटणीचे दोन डबे, ज्वारीचं अर्धं पोतं आणि एक पिल्लू आलं. कारवानी जातीचं, पाच महिन्यांचं. रंग शाळूच्या दाण्यासारखा, म्हणून तिचं नाव शाळू.

मैंदर्गी हे माझं आजोळ. सोलापूर जिल्हा, अक्कलकोट तालुका. कर्नाटक इतकं जवळ की तिथे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं.

आता सॉफ्टवेअरवाल्याच्या हातात कुत्रं आलं की काय होणार? प्रोजेक्ट! जालावर डॉग अजिलिटीचे व्हिडिओ पाहिले. कुत्रं आडव्या दांड्यांवरून उड्या मारतं, बोगद्यातून सुसाट जातं, ओळीनं उभ्या केलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी निघतं, सी-सॉवरून उतरतं आणि मालक बाजूनं नुसते हातवारे करत धावतो. म्हटलं, आपली शाळू तर पळायलाच जन्मली आहे! गच्चीवर दोन बादल्या उपड्या घातल्या, वर बांबू ठेवला आणि दोन आठवड्यांत अडीच फुटांवर नेला. तिसऱ्या रविवारी शाळू पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागली.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि मला विचारलं, "हिचं वय किती?" म्हटलं, आठ महिने. ते म्हणाले, "मग उड्या कसल्या मारून घेताय?" वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाड तिथून वाढतं. मोठ्या जातींत त्या पट्ट्या पक्क्या व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर उंचावरून आदळणं म्हणजे ओल्या स्लॅबवर नाचणं. ब्रिटनमध्ये अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला अजिलिटीच्या स्पर्धेत उतरवतच नाहीत. नशिबानं शाळूचं दुखणं स्नायूचंच निघालं. पण ते पंधरा दिवस ती कोपऱ्यातून माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, ते अजून आठवतं.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. वाचायला बसलो.

अजिलिटी हा खेळ तसा अगदी तरुण आहे. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात 'क्रफ्ट्स' हे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन होतं. मुख्य रिंगणात दोन कार्यक्रमांच्या मध्ये थोडा वेळ रिकामा राहत होता. तो भरून काढायचं काम समितीतल्या जॉन वार्ली यांच्याकडे आलं. त्यांनी घोड्यांच्या शो-जंपिंगवरून कल्पना उचलली आणि पीटर मीनवेल या प्रशिक्षकाला हाताशी धरलं. दोन संघ उतरले, प्रेक्षक खूश झाले आणि १९८० साली ब्रिटनच्या केनेल क्लबनं नियमही केले. थोडक्यात, 'फिलर' म्हणून आलेला आयटम मुख्य सिनेमा होऊन बसला :-)

पण यात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. त्या दिवशी रिंगणात उतरलेली कुत्री आधीच शिकलेली होती. हाक मारली की यायचं, थांब म्हटलं की थांबायचं, माणसावर लक्ष ठेवायचं, हे सगळं त्यांना येत होतं. अडथळे नवे होते, पाया जुना होता. प्रेक्षकांना दिसल्या त्या उड्या. मलाही तेवढंच दिसलं.

हा पाया घालायची पद्धतही शंभर वर्षांत पार बदलली. १९१० साली जर्मनीत कोनराड मोस्ट यांनी पोलिसी कुत्र्यांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलं. त्यात बक्षीस होतं, पण पट्ट्याचा हिसका आणि धाकही भरपूर. १९५१ साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी एका लेखात वेगळी वाट सांगितली. कुत्र्यानं हवं ते केलं की त्याच क्षणी 'टिक्' असा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. कुत्र्याला कळतं की याच कृतीचे पैसे मिळाले! पुढे डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४ च्या पुस्तकातून ही पद्धत घराघरात नेली.

तर आमच्या गच्चीवर बांबू आडवा झाला आणि पाया सुरू झाला. बांबूची शिडी जमिनीवर टाकायची आणि शाळूनं पायऱ्यांच्या मधल्या जागेत एकेक पाय ठेवत चालायचं. कुत्र्याला आपल्याला मागचे पाय आहेत याचा फारसा पत्ताच नसतो, हे मला तेव्हा कळलं. पुढचे दोन पाय जेवणाच्या पाटावर ठेवून मागचे गोल फिरवायचे. स्टुलाला उजवीकडून वळसा, डावीकडून वळसा. नाक माझ्या तळव्याला लावायचं. पुढे फूटभर रुंदीच्या आणि चारेक फूट उंचीच्या फळीवरून चालायचं असेल, तर चारही पाय कुठे आहेत हे आधी जमिनीवरच कळायला हवं.

शिडी जमली, पाट जमला. एक मात्र जमेना. हाक मारली की यायचं. गल्लीत मांजर दिसलं की बाईसाहेब गेल्याच! "कम शाळू, कम!" हे माझं ओरडणं वाऱ्यावर.

मग मी जालावरच्या पंडितांना शरण गेलो. तिथे सगळ्यांचा दाखला एकच. स्टॅन्ले कोरेन यांनी १९९४ च्या पुस्तकात श्वानजातींची आज्ञापालनानुसार क्रमवारी दिली, त्यात अफगाण हाउंड तळाला. म्हणजे नजरेनं शिकार हेरून धावणाऱ्या जाती मठ्ठ, आणि कारवानी त्यातलीच. ही क्रमवारी ओबीडियन्स स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून केली होती, हे कुणी सांगत नाही. कान पाडून हुकूम ऐकण्याच्या परीक्षेत, दूरवरचा ससा स्वतःच्या बुद्धीनं गाठणारं कुत्रं नापासच होणार. पण खरं सांगतो, मीही तेव्हा शाळूला मठ्ठ ठरवलं होतं. तिला परत मैंदर्गीला पाठवायचा विचार दोनदा मनात आला.

मे महिन्यात मामा एका लग्नासाठी पुण्याला आले. संध्याकाळी शाळूला घेऊन मैदानावर गेलो. पट्टा सोडला आणि ती एका टिटवीमागे सुटली. मी ओरडतोय, ती लांब जातेय. मामांनी शांतपणे पानाची पिंक टाकली आणि फक्त म्हणाले, "बा इल्ली!"

शाळू जागच्या जागी वळली आणि सरळ त्यांच्या पायाशी येऊन थांबली.

"तुला कन्नड येत नाही, हिला विंग्रजी येत नाही," मामा म्हणाले. "पिल्लू मठ्ठ कसं रे?"

मी काय बोलणार? पहिल्या पाच महिन्यांत तिथे कुणीतरी रोज भाकरीचा तुकडा हातात धरून 'बा' म्हणत तिचा पाया घातला होता. मी मात्र कोऱ्या फाइलपासून कोड लिहायला बसलो होतो. "कोणी शिकवलं हिला?" मी विचारलं. मामांना प्रश्नच कळला नाही. "शिकवायचं काय त्यात? मेंढरांबरोबर पोरं असतात, मोठी कुत्री असतात. बघून शिकतं."

ही पोरं इतिहासातही सापडत नाहीत. मैंदर्गीच्या ईशान्येला कल्याणी, आजचं बसवकल्याण. तिथल्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' रचला. त्यात 'सारमेयविनोद' नावाचं कुत्र्यांवरचं एक अख्खं प्रकरण आहे. त्याआधी, इसवी सन ९५० च्या सुमारास, मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरच्या शिलालेखात गंग राजा बुतुगाचा वीर मणलेर येतो. राजा म्हणाला, हवं ते माग. यानं काळी नावाची कुत्री मागितली! पुढे काळी एका रानडुकराशी झुंजली, दोघंही मेले. तिच्यासाठी शिळा उभारली आणि तिच्या पूजेसाठी जमीनही दिली. इकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे.

विजापूर ओलांडून पुढे गेलं की मुधोळ. तिथल्या राजे मालोजीराव घोरपड्यांनी बेडर शिकाऱ्यांकडची कुत्री जोपासली आणि एक जोडी राजा पंचम जॉर्जला भेट दिली. म्हणून तीच कुत्री कुठे 'मुधोळ हाउंड', कुठे 'कॅरव्हान हाउंड'. २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, २०१६ साली सैन्यानं मेरठला प्रशिक्षणासाठी पिल्लं नेली.

राजाचं नाव आहे, वीराचं आहे, कुत्रीचंसुद्धा आहे. काळीला हाकेला यायला कोणी शिकवलं, ते मात्र शिळेवर नाही.

असो. शाळू आता सोळा महिन्यांची आहे. उडी अजून बंद. दांडी जमिनीवरच. मी दर रविवारी सकाळी मामांना फोन करून दोन-चार कन्नड शब्द शिकतो. 'निल्लु' म्हणजे थांब. परवा गल्लीत मांजर आडवं गेलं, मी "निल्लु" म्हटलं आणि शाळू थांबली. शेपटी ताठ, नजर मांजरावर, पण थांबली.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "उच्चार सुधार."