साबण न होणारी चरबी

जून २०२०. सगळे घरात अडकलेले असताना बुलडाण्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं आणि त्याचे फोटो दिवसभर माझ्या फोनवर येत राहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात हॅलोआर्किया सापडले, म्हणजे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव. ‘असतील कसले तरी बॅक्टेरिया’ म्हणून मी पुढे स्क्रोल केलं.

नंतर वाचताना कळलं, की ही चूक माझी एकटीची नव्हती. भल्याभल्या शास्त्रज्ञांनी ती केली होती, तीही पुरावा हातात असताना.

गोष्ट सुरू होते खारवलेल्या माशांपासून. मीठ लावलेला मासा टिकतो, पण कधीकधी त्यावर लाल थर चढतो आणि माल वाया जातो. हा थर कोणत्या जंतूंचा, यावर एन. ई. गिबन्स यांनी १९३०च्या दशकातच काम केलं होतं. पुढे कॅनडात, ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, मॉरिस केट्स या रसायनशास्त्रज्ञाने अशाच लाल जंतूंची चरबी तपासायला घेतली. सोबत गिबन्स होते आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेन सहगल. हेच सहगल पुढे रापामायसिन या औषधामुळे ओळखले गेले.

चरबीच का? कारण प्रत्येक पेशीभोवती चरबीचंच पातळ आवरण असतं. ते कसं बांधलंय, हे समजायला साबण आठवा. खोबरेल तेलात कॉस्टिक सोडा मिसळला, की तेलातले सांधे तुटतात, फॅटी अ‍ॅसिड्स सुटी होतात आणि साबण तयार होतो. या सांध्याचं नाव एस्टर. माणूस, नारळ, दह्यातले जंतू, सगळ्यांच्या पेशींच्या आवरणात मुख्यतः हाच सांधा असतो.

१९६२ साली या तिघांनी लाल जंतूंबद्दल लिहिलं, की यांच्या चरबीत फॅटी अ‍ॅसिड्स जवळजवळ नाहीतच. पुढच्या काही वर्षांत केट्सनी कारण शोधलं. इथला सांधा ईथरचा होता आणि तो कॉस्टिकने तुटत नाही. साखळ्याही सरळ नव्हत्या, त्यांना ठरावीक अंतरावर फांद्या होत्या. साबण न होणारी चरबी!

मग एकापाठोपाठ एक असे जीव सापडत गेले. अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या धुमसत्या कचऱ्यात थर्मोप्लाझ्मा, गरम आम्लयुक्त झऱ्यांत सल्फोलोबस. थॉमस लँगवर्दी यांनी १९७२ आणि १९७४ मध्ये त्यांची चरबी तपासली. पुन्हा ईथर.

मीठ, आम्ल, उष्णता. जागा वेगळ्या, चरबी एका जातीची. अर्थ सरळ वाटला: कठीण परिस्थितीत तगायला प्रत्येकाने आपापली तीच युक्ती काढली असणार. मीही हाच निष्कर्ष काढला असता. हे आवरण उष्णतेत आणि आम्लात टिकतं, हे खरंच आहे.

१९७७ साली इलिनॉय विद्यापीठातले कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स दुसऱ्याच वाटेने आले. पेशीतल्या रायबोसोमच्या आरएनएची तुलना करून त्यांनी सांगितलं, की मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव बॅक्टेरिया नाहीतच, त्यांचं घराणं वेगळं आहे. यांनाच पुढे आर्किया म्हणू लागले. गंमत म्हणजे यातले अनेक जण राहतात कुठे? दलदलीच्या चिखलात, गायीच्या पोटात. तिथे ना उकळतं पाणी, ना मिठाचा मारा.

१९७९ मध्ये टॉर्नाबीन आणि लँगवर्दी यांनी या मिथेनवाल्यांची चरबी तपासली. तीही ईथरचीच निघाली!

परिस्थितीचं स्पष्टीकरण इथे पुरेना. ती चरबी कठीण जागेची नव्हे, घराण्याची खूण होती. केट्सचं रसायनशास्त्र पहिल्यापासून बरोबर होतं. अडचण एवढीच, की तोवरचे सगळे नमुने टोकाच्या जागांमधून आले होते. त्यामुळे जागेचा परिणाम कुठला आणि रक्ताचं नातं कुठलं, हे वेगळं करायला मार्गच नव्हता. त्यासाठी साध्या जागी राहणारा एक नातेवाईक सापडावा लागला.

१९९२ मध्ये तर साध्या समुद्राच्या पाण्यातही आर्कियाच्या खुणा मिळाल्या. पेशी मरते, तिचं डीएनए विरत जातं, पण हे चिवट रेणू तळाच्या गाळात लाखो वर्षं राहतात. काहींमध्ये कार्बनची कडी असतात आणि पाणी जितकं उबदार, तितकी सरासरी कडी जास्त. २००२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी यावरून प्राचीन समुद्राचं तापमान काढायची पद्धत मांडली. माशावरच्या लाल डागापासून निघालेली वाट हवामानाच्या इतिहासापर्यंत पोहोचली.

लोणारचा तो फोटो माझ्याकडे अजून आहे. आता तो गुलाबी रंग पाहिला, की मला गायीच्या पोटातले त्याचे चुलत भाऊ आठवतात.