गोळीच्या पोटातला इतिहास



घरातल्या ज्येष्ठांना झोप लागत नाही, नावे आठवत नाहीत, म्हणून हल्ली बऱ्याच घरांत मेलाटोनिन आणि बी-१२ च्या डब्या दिसतात. 'ही चालते का गं?' असे सासूबाईंनी विचारले, तेव्हा मी या गोळ्यांचा इतिहास वाचायला घेतला.

मेलाटोनिन १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एरॉन लर्नर यांनी वेगळे काढले. ते त्वचारोगतज्ज्ञ होते. शोध झोपेचा नव्हे, कातडीच्या रंगाचा चालला होता. त्यासाठी कत्तलखान्यातून आणलेल्या गाईबैलांच्या मेंदूतल्या हजारो ग्रंथी लागल्या. वाचून मन विषण्ण झाले. मात्र आज बाजारात मिळणारे मेलाटोनिन बहुतेक कारखान्यात रसायनांपासून बनते.

बी-१२ ची कथाही तशीच. १९२६ साली बोस्टनमध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी एका जीवघेण्या पांडुरोगावर रोज्यांना रोज यकृत खायला घातले आणि ते बरे होऊ लागले. १९३४ साली त्यांना नोबेल मिळाले. यकृतातले ते द्रव्य, म्हणजे बी-१२, १९४८ साली हाती लागले. आता ते जिवाणूंकडून, आंबवण्याच्या पद्धतीने तयार करतात.

म्हणजे आतले औषध बदलले. अडचण राहते ती वेष्टनाची. जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट फ्रान्समध्ये १८३४ साली घेतले गेले, आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्या-हाडांतूनच येते. वनस्पतीजन्य कॅप्सूलही आता मिळतात. पूरक आहाराच्या डबीवर हिरवा ठिपका पाहावा. औषधांवर तो असेलच असे नाही, तेव्हा दुकानदाराला सरळ विचारावे.

शंका आली म्हणून गोळी गुपचूप बंद करणाऱ्या आज्या आपल्यात आहेत. तसे होऊ देऊ नका. आपण दूधदही घेतो, तरी वयानुसार बी-१२ अंगी लागणे कमी होते. कमतरता तशीच राहिली तर विसरभोळेपणा येतो, हातापायांना मुंग्या येतात आणि नसांची कायमची हानी होऊ शकते. रक्त तपासून घ्यावे. कमतरता नसेल, तर स्मरणशक्तीसाठी बी-१२ घेऊन फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही.

झोपेच्या गोळीची वेळ मात्र रात्रीची. घरात रात्रिभोजनत्याग असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा. बी-१२ दिवसा घेता येते. त्यासाठी व्रत मोडावे लागत नाही.