खूण कोणाची, माल कोणाचा?

सालेकसा तालुक्यातून बाहेर जाणारा माल मोजकाच आहे. धान, तांदूळ, लाकूड, तेंदूपत्ता, मोहफूल. यातल्या जवळजवळ प्रत्येक मालावर वाटेत कुठेतरी कोणीतरी खूण करतो. बारदान्यावरचे शाईचे ठसे, ओंडक्यांवरचे शिक्के, मालगाडीच्या वाघिणींवर रंगवलेले आकडे अशा खुणा टिपून ठेवण्याचा छंद मला गेली अनेक वर्षे आहे. या कुळातली सर्वांत धाकटी खूण म्हणजे बारकोड. साबणापासून औषधापर्यंत सगळ्यांच्या पाठीवर ती असते, म्हणूनच तिच्याकडे कोणी इतिहासाचे साधन म्हणून पाहत नाही. या लेखात तिला तिच्या थोरल्या भावंडांशेजारी बसवून एक प्रश्न विचारायचा आहे: मालावर खूण करण्याचा हक्क कोणाकडे असतो, आणि त्या खुणेचा अर्थ ज्या वहीत लिहिलेला असतो ती वही कोणाच्या ताब्यात असते?

सुरुवात जंगलापासून करू. जंगलातून लाकूड बाहेर काढायचे तर त्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा लागतो. हातोड्याच्या तोंडावर उलटी उठावाची अक्षरे असतात, घाव बसला की ती लाकडात सुलटी उमटतात. कागद भिजतो, फाटतो. लाकडात रुतलेला ठसा सहज पुसता येत नाही. या ठशाला इंग्रजी राजवटीने कायद्याचे बळ दिले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातील कलम ६३ नुसार असा ठसा खोटा उठवणाऱ्याला किंवा खरा ठसा खरवडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावातल्या माणसाला ती अक्षरे वाचता येत असोत वा नसोत, ठसा असला की लाकूड कायदेशीर आणि नसला की चोरीचे, एवढे त्याला पक्के कळत होते. मात्र कोणता ठसा कोणत्या कूपातला, हे सांगणारी नोंदवही कचेरीत असे.

तेंदूपत्त्याची तऱ्हा वेगळी. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पाने, हा हिशेब. पुड्यावर कसलीच खूण नसते. मोजणी बोटांवर होते आणि संध्याकाळी फळीवर आकडा लिहिला जातो. पान कोणी तोडले, हे पुढे बिडीच्या बंडलापर्यंत कोणालाच कळत नाही. बंडलावर लेबल येते ते कारखानदाराचे. धानाचेही तसेच. शेतकऱ्याच्या घरून निघालेला कट्टा बिनखुणेचा असतो. पत्र्याच्या साच्यातून शाई फासून नाव उमटते ते खरेदी करणाऱ्या संस्थेचे किंवा राईस मिलचे. जुना बारदाना पुन्हा वापरला की एकावर एक दोन-तीन ठसे दिसतात. त्यांतही पिकवणाऱ्याचा ठसा कधी सापडत नाही.

आता रुळांकडे वळू. सालेकसावरून जाणारा लोहमार्ग हा बंगाल-नागपूर रेल्वेचा वारसा. १८८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने नागपूर-छत्तीसगड हा मीटरगेज मार्ग ताब्यात घेऊन रुंद केला आणि पुढे तो हावड्याच्या बाजूला जोडला. आज या मार्गावरच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालकी असलेली रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार अनुक्रमांक. अकरावा अंक मात्र काहीच सांगत नाही. तो फक्त आधीच्या दहा अंकांवर पहारा करतो. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज करून तिला तिनाने गुणायचे, त्यात विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज मिळवायची, आणि एकूण दहाने निःशेष भागली जावी म्हणून जो अंक मिळवावा लागेल तो अकरावा.

हेच गणित किराणा मालाच्या बारकोडातही आहे. उदाहरणासाठी ८९०१२३४५६७८९ असे बारा अंक कल्पू. विषम स्थानांची बेरीज २८. सम स्थानांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. ही संख्या दहाने भागली जाते, म्हणून तेरावा अंक शून्य. एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर हा हिशेब जुळत नाही आणि यंत्र माल नाकारते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा चूक पकडली जाते. त्या दोन अंकांत नेमका पाचाचा फरक असेल तरच ती निसटते. कोळशाची वाघीण आणि बिस्किटाचा पुडा एकाच रखवालदाराच्या भरवशावर प्रवास करतात, ही मला या सगळ्या शोधातली सर्वांत मोठी गंमत वाटते.

बारकोडाचा जन्म अमेरिकेतला. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल संस्थेतील बर्नार्ड सिल्व्हर आणि नॉर्मन जोसेफ वूडलंड या दोघांनी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर मालाची नोंद आपोआप कशी घेता येईल, याचा विचार सुरू केला. वूडलंडला मोर्सची तारेची लिपी येत होती. मायामीच्या समुद्रकिनारी वाळूत बोटे ओढताना मोर्सचे टिंब आणि रेघ खाली लांबवले तर बारीक आणि जाड पट्ट्या होतात, हे त्याला सुचले. १९५२ साली पेटंट मिळाले, पण पट्ट्या वाचायला स्वस्त आणि प्रखर प्रकाश हवा होता. तो लेसरने १९६० नंतर दिला.

मधल्या काळात अमेरिकेतल्या रेल्वेने स्वतःचा प्रयोग केला. डेव्हिड कॉलिन्स या अभियंत्याने रंगीत, चकाकणाऱ्या पट्ट्यांची पाटी तयार केली आणि १९६७ पासून ती देशभरच्या वाघिणींवर लावायला सुरुवात झाली. धूळ, काजळी आणि देखभालीचा अभाव यांनी ती हरली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस योजना गुंडाळली गेली. किराण्याचे दुकान स्वच्छ होते, म्हणून तिथे बारकोड जिंकला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचे पाकीट पहिल्यांदा यंत्राने वाचले.

या विजयात छपाईचा वाटा मोठा आहे. वूडलंडच्या पेटंटात गोल, एकात एक वर्तुळांचीही खूण होती. छापताना शाई कागदाच्या धावण्याच्या दिशेने थोडी फराटते आणि वर्तुळ बिघडते. आयबीएमच्या जॉर्ज लॉररने सरळ उभ्या पट्ट्या निवडल्या. त्या धावेच्या दिशेनेच छापल्या तर शाई फराटूनही पट्टी फक्त उंच होते, तिची जाडी बदलत नाही, आणि अर्थ तर जाडीतच असतो. आपल्याकडच्या छापखान्यांनाही हे धडे गिरवावे लागले. सर्वांत बारीक पट्टी प्रमाण आकारात ०.३३ मिलीमीटरची. दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी, नाहीतर पट्ट्या कुठे सुरू होतात हे यंत्राला कळत नाही. आणि पांढऱ्यावर लाल पट्ट्या कधीही छापू नयेत. दुकानातल्या यंत्राचा प्रकाश बहुधा लाल असतो, त्याला लाल रंग पांढराच दिसतो. कुंकवाच्या पुडीवर कुंकवाच्याच रंगात छापलेला बारकोड म्हणजे यंत्रासाठी कोरा कागद. तापमुद्रणाच्या साध्या कागदाचीही आमच्या मे महिन्यात परीक्षा होते. उन्हात राहिलेले लेबल काळवंडते किंवा फिके पडते.

भारतात हे क्रमांक देणारी संस्था १९९६ साली दिल्लीत सुरू झाली. आज ती जीएस१ इंडिया या नावाने ओळखली जाते. तिचा आरंभीचा आकडा ८९०. 'सुरुवातीला ८९० असेल तरच माल भारतीय' असा संदेश मोबाइलवर दरवर्षी फिरतो. तो खरा नाही. ८९० इतकेच सांगतो की क्रमांक घेणारी कंपनी भारतातल्या संस्थेकडे नोंदलेली आहे. माल कुठे बनला, कोणी पिकवला, याबद्दल तो गप्प असतो. किंमतही त्यात नसते, नावही नसते. बारकोड ही फक्त किल्ली आहे. कुलूप, म्हणजे ती वही, दुसरीकडे असते.

इथे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. किराणा मालावर बारकोड असलाच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. औषधांसारखे अपवाद आहेत. ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख औषधांच्या वेष्टनांवर तसे चिन्ह सक्तीचे झाले. इतर आवेष्टित मालावर २०११ चे वैधमापन नियम मागतात ते उत्पादकाचे किंवा पॅक करणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि कमाल किंमत. बारकोड मागतो तो बाजार. मोठी दुकाने आणि ऑनलाइन विक्रेते त्याशिवाय माल शेल्फवर घेत नाहीत. म्हणून आमच्याकडच्या एखाद्या बचत गटाने मोहफुलाचे लाडू किंवा हातसडीचा तांदूळ विकायचा ठरवला, तर त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. स्वतः नोंदणी करून, शुल्क भरून, ठरावीक मुदतीसाठी क्रमांक घ्यायचा. किंवा कोणाकडून तरी स्वस्तात सुटा क्रमांक विकत घ्यायचा. दुसऱ्या वाटेने पट्ट्या तशाच दिसतात, यंत्रही वाजते, पण वही उघडली की तिथे परक्याचे नाव निघते. तिसरी वाट सर्वांत सोपी आणि सर्वांत जुनी आहे: पोत्यात सुटा माल भरून व्यापाऱ्याला द्यायचा आणि खूण त्याला करू द्यायची.

इतिहास इथे थोडा धीर देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली. २०१२ साली नियम दुरुस्त झाले आणि गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देऊ लागेल, अशी तरतूद झाली. शंभराहून अधिक वर्षे जो शिक्का फक्त सरकारी हातात होता, त्यातला एक तुकडा गावाच्या हाती आला. हे आपोआप घडले नाही. त्यामागे अर्ज, मोर्चे आणि दीर्घ चिकाटी होती. बारकोडाचा क्रमांक मिळवणे त्या मानाने किरकोळ काम आहे. पट्ट्या कोणीही छापून देईल. त्यांच्यामागच्या वहीत आपल्या गटाचे नाव आहे की नाही, हे मात्र छापण्याआधी पाहून घ्यावे. ओंडक्यावरचा ठसा, कट्ट्यावरची शाई आणि वाघिणीवरचा आकडा हेच सांगत आले आहेत, की माल पिकवणारा आणि खूण करणारा वेगळे झाले की भाव ठरवणारा नेहमी दुसराच निघतो.