मुलाचे मन आणि सेविकेचे मानधन

वऱ्हाडात कापसाची गाठ न् गाठ मोजली गेली. अमरावती, अकोला, बडनेरा येथील जिनांचा हिशेब दप्तरांत सापडतो. त्या जिनांत आईच्या मागे धुळीत वाढलेल्या मुलाच्या मनाचा हिशेब कोठेच नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मूल कामास लावू नये असे ठरविले खरे. पण वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्या कायद्याने कारखानाच धरला नव्हता! हंगामी जिनवाल्यास आणखी काय हवे होते? आणि मनाच्या दुखण्याचे म्हणाल, तर १८६४ पासून नागपुरास वेड्यांचे इस्पितळ होते. ते वेडे ठरलेल्यांसाठी. अंथरूण ओले करणारे, बोलेनासे झालेले, घरातून पळणारे मूल असेल, तर छडी किंवा गंडा एवढेच उपचार.

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या मजूरवस्तीत मारिया माँटेसरी या डॉक्टरीणबाईंनी बालगृह उघडले. त्याआधी त्यांनी मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांत काम केले होते. मुलाच्या हाताला काम द्यावे, त्याचा मान राखावा, मग ते पुष्कळसे आपोआप सावरते, हा त्यांचा अनुभव. बालगृह चाळीतच असल्याने आईला ते केव्हाही पाहता येई. आम्हां कामगारांना यातली ही शेवटची गोष्टच मोलाची वाटते.

ही विद्या मराठीत रुजविणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) लग्नानंतर अमरावतीत राहिल्या होत्या, हे आमच्या शहरात फार थोड्यांस ठाऊक आहे. त्यांचे यजमान येथे वकील होते. तो संसार टिकला नाही. बाई गुजरातेत गेल्या, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्या बोर्डीस आल्या. तेथे गरिबांची मुले शाळेकडे येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला.

दरम्यान १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने मुलांच्या मनासाठी देशातले पहिले मार्गदर्शन केंद्र काढले होते. मूल बिघडले तर आईबापांशीही बोलावे, घर पाहावे, अशी ही पद्धत. उत्तम. पण मुंबईचे केंद्र अकोल्याच्या गिरणीकामगाराच्या काय कामाचे?

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना निघाली. पहिल्या ३३ प्रकल्पांत मेळघाटातील धारणी होते. ताराबाईंचा शब्द असा अमरावती जिल्ह्यात परतला. मुलाचे वजन, आहार, लस, धडे सारे त्यात आले. मनाचा रकाना मात्र कोराच राहिला. पुढे बापांनी विहिरी आणि विषाच्या बाटल्या जवळ केल्या, तेव्हा सरकारला वऱ्हाडी मन आठवले. २०११ नंतर ‘विश्राम’ उपक्रमाने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावचीच माणसे शिकवून दारोदार धाडली. उदासीनतेने ग्रासलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे १०० त ४ होते, ते अठरा महिन्यांत २७ झाले. हे काम प्रौढांचे. पण ज्या घरात बाप बोलू लागतो, तेथील मूलही बोलू लागते, एवढे समजायला पदवी लागत नाही.

मुलांसाठी असे दारात बसणारे माणूस गावात आधीच आहे: अंगणवाडी सेविका. तिला मनाचे शिक्षण द्या, असे आता सगळेच म्हणतात. जरूर द्यावे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे ठरविले. पगाराच्या जागी मात्र अजून ‘मानधन’च लिहितात.